संत जॉन बॉस्को आणि सोबत्यांचा गृहपाठ

दरवर्षी ३१ जानेवारी रोजी पवित्र ख्रिस्तसभा संत जॉन बॉस्को यांचा सण साजरा करते. 'डॉन बॉस्को' हे नाव आपल्याकडे शाळेच्या फाटकावर वाचून ठाऊक झाले आहे. माटुंग्याच्या शाळेमुळे तर ते मुंबईत ख्रिस्ती नसलेल्या घरांतही घरचेच होऊन गेले. त्यातील 'डॉन' हा शब्द इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी आदराने लावतात. आमच्याकडील मुलांना हा शब्द चित्रपटांमुळे भलत्याच अर्थाने परिचित असल्याने धर्मशिक्षणाच्या वर्गात त्यावर हशा पिकतो, आणि तो पिकू द्यावा असेच आमचे मत आहे. स्वतः डॉन बॉस्को यांनाही हसणारी मुले फार प्रिय होती.

त्यांचे वयाच्या नवव्या वर्षीचे स्वप्न, त्यांचे जादूचे खेळ, अंधाऱ्या वाटेवर त्यांची राखण करणारा करड्या रंगाचा कुत्रा या गोष्टी सणाच्या प्रवचनांतून वाचकांनी अनेकदा ऐकल्या आहेत. यंदा आम्ही त्या बाजूला ठेवत आहोत. त्यांच्या चरित्रातील एक साधीच, परंतु आमच्या मते फार मोलाची बाजू येथे मांडावयाची आहे. ती म्हणजे गृहपाठ. हा संत लहानपणापासून दुसऱ्यांच्या गृहपाठात बुडालेला होता. ज्या कार्यासाठी जग त्यांना ओळखते, त्याचा पहिला अंकुरही सोबत्यांच्या वह्यांमध्येच फुटला, असे म्हटल्यास अतिशयोक्ती होणार नाही.

जॉन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पिएमोंते प्रांतात, कास्तेलनुओव्हो गावाजवळच्या बेक्की या वाडीवर झाला. वडील फ्रान्सिस शेतमजुरी करीत. १८१७ च्या मे महिन्यात न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले, तेव्हा जॉन दोन वर्षांचेही नव्हते. आई मार्गारिटा हिच्या पदरात स्वतःची दोन मुले, पतीच्या पहिल्या विवाहापासूनचा मुलगा अँटनी आणि वृद्ध सासू होती. माऊली निरक्षर होती. तिला अनेक प्रार्थना मात्र मुखोद्गत होत्या आणि त्या तिने मुलांना शिकविल्या. मुलाच्या पुस्तकात काय लिहिले आहे हे तिला वाचता येत नव्हते, तरी त्याला ते वाचता आले पाहिजे याविषयी तिच्या मनात कधी शंका आली नाही.

शंका होती ती अँटनीला. जॉनहून तो सात वर्षांनी मोठा. जेवताना जॉनच्या ताटाशेजारी पुस्तक दिसले, शेतावर जाताना त्याच्या हातात पुस्तक दिसले, की त्याचा संताप होई. चरित्रकारांनी अँटनीला बहुधा खलनायकच करून टाकले आहे. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. अगदी लहान वयात त्याची आई गेली, नऊ वर्षांचा असताना वडील गेले, आणि कळत्या वयापासून त्याने कुदळ हातात घेतली. ज्या घरात दोन हात कमी पडले तर ताटात भाकरी कमी पडते, तेथे पुस्तक घेऊन बसलेला मुलगा हा रिकामा बसलेला मुलगाच वाटतो. असे अँटनी आपल्याकडेही शेतावर, बागायतीत आणि मच्छीमारीच्या होड्यांवर होते. त्यांच्याच श्रमावर धाकटी भावंडे शिकली. त्यांच्याविषयी कठोर बोलण्याआधी थोडे थांबावे.

घरातील तंटा विकोपाला जाऊ नये म्हणून मार्गारिटाने १८२८ च्या फेब्रुवारीत बारा वर्षांच्या जॉनला घराबाहेर पाठविले. मोंकुक्को परिसरातील मोल्या कुटुंबाच्या शेतावर तो गडी म्हणून राहिला, आणि १८२९ च्या नोव्हेंबरपर्यंत तेथेच होता. त्याच महिन्यात, बुट्टिल्येरा येथील धर्मकार्यावरून परतताना, मोरियाल्दोचे वृद्ध धर्मगुरू कालोस्सो यांच्याशी त्याची वाटेत गाठ पडली. ऐकलेले प्रवचन या पोराने त्यांना जवळजवळ जसेच्या तसे म्हणून दाखविले. फादर कालोस्सो यांनी त्याला इटालियन व लॅटिनचे व्याकरण शिकविण्याचे मान्य केले. सकाळी धडा, दिवसभर शेत, आणि जाता-येता रस्त्याने पाठांतर असा क्रम सुरू झाला. आयुष्यात प्रथमच कोणीतरी त्याचा अभ्यास रोज पाहत होते. परंतु एका वर्षातच, १८३० च्या नोव्हेंबरमध्ये, फादर कालोस्सो यांना देवाज्ञा झाली. जॉनच्या मनावर या मृत्यूचा जो आघात झाला, त्याची खूण त्याने पुढे वृद्धापकाळी लिहिलेल्या आठवणींतही उमटलेली आहे.

नंतर कास्तेलनुओव्होची शाळा आली. रोज पायपीट, पुढे एका शिंप्याच्या घरी मुक्काम, आणि फावल्या वेळी सुईदोरा. प्रारंभीचे गुरुजी चांगले होते. त्यांच्या जागी आलेल्या गुरुजींना वर्गाला शिस्त लावता येईना, त्यामुळे मागचे शिकलेलेही विसरण्याची वेळ आली. अखेर १८३१ च्या नोव्हेंबरमध्ये जॉनने किएरी हे शाळा-महाविद्यालयांचे नगर गाठले. त्या वेळी तो सोळा वर्षांचा होता, आणि त्याला बसविण्यात आले ते दहा-अकरा वर्षांच्या मुलांच्या वर्गात.

सोळा वर्षांच्या, दाढी-मिशा फुटू लागलेल्या खेडवळ मुलाने चिमुरड्यांच्या बाकावर बसावयाचे, हा प्रसंग वाचकांनी क्षणभर डोळ्यांसमोर आणावा. आपल्याकडे मुले शाळा सोडतात ती पुष्कळदा अवघड गणितामुळे नव्हे, तर अशा लाजेमुळे. जॉनचे भाग्य असे की, त्याचे पहिले शिक्षक फादर पुन्येत्ती यांनी त्याचे वय आणि त्याची तळमळ ओळखली. ते त्याला वर्गात मदत करीत, घरी बोलावीत, शंका सोडवीत. दोन महिन्यांत परीक्षा देऊन तो वरच्या वर्गात गेला आणि आणखी दोन महिन्यांत त्याच्याही वर. त्या वर्गाचे शिक्षक चीमा हे करड्या शिस्तीचे होते. हा आडदांड मुलगा एक तर मठ्ठ असावा किंवा फार बुद्धिमान, असे त्यांचे पहिले मत झाले. त्याचा निर्णय लवकरच लागला. एके दिवशी जॉन लॅटिन लेखक कॉर्नेलिअस नेपोस याचे पुस्तक घरी विसरून आला. शिक्षकांनी नेमका त्यालाच उतारा वाचावयास उभे केले. त्याने हातात व्याकरणाचे दुसरेच पुस्तक धरले आणि नेपोसचा उतारा विवरणासह मुखोद्गत म्हणून दाखविला. मुले टाळ्या पिटू लागली तेव्हा कुठे शिक्षकांना प्रकार कळला. त्यांनी त्याला क्षमा केली आणि या स्मरणशक्तीचा सदुपयोग करण्यास बजावले.

सदुपयोगाची संधी त्याच्या राहत्या जागीच होती. किएरीत तो लुचिया मात्ता नावाच्या विधवा बाईच्या घरी राहत असे. बाईंना एकुलता एक मुलगा होता. मोठा खोडकर, खेळाचा शौकीन आणि अभ्यासाचा कंटाळा असलेला. उल्लेखनीय बाब म्हणजे हा मुलगा शाळेत जॉनच्या वरच्या इयत्तेत होता. तरीही बाईंनी त्याचा अभ्यास घेण्याची विनंती जॉनलाच केली. वरच्या इयत्तेतील मुलाला खालच्या इयत्तेतील मुलाने काय शिकवावे? जॉनने त्याला धाकट्या भावाप्रमाणे जवळ केले. छोट्या भेटी दिल्या, त्याच्याशी खेळ खेळला, त्याला चर्चला सोबत नेले आणि हळूहळू पुस्तकाकडे वळविले. सहा महिन्यांत त्या मुलाने शाळेत नाव काढले. आईला इतके समाधान वाटले की, तिने जॉनचे राहण्याखाण्याचे दरमहाचे शुल्क पूर्णपणे माफ केले. गरीब विधवेच्या मुलाच्या शिक्षणाचा खर्च अशा रीतीने दुसऱ्या विधवेच्या मुलाच्या गृहपाठातून निघाला.

आता आम्ही मुख्य प्रसंगाकडे येतो. पोप नववे पायस यांच्या आज्ञेवरून डॉन बॉस्को यांनी आपल्या आठवणी लिहिल्या, त्यांत तो त्यांनी स्वतः नोंदविला आहे, आणि स्वतःची बाजू सावरण्याचा त्यात जराही प्रयत्न नाही.

किएरीच्या वर्गात काही टारगट मुले होती. जॉनला नाटकाला, जुगाराला, चोरून फळे काढावयाला नेण्याचा त्यांनी प्रयत्न केला. तो बधला नाही. परंतु हीच मुले अभ्यासातही मागे असल्याने लवकरच दुसऱ्या कामासाठी त्याच्याकडे येऊ लागली. दिलेला लेखी पाठ झालेला नसे. जॉनने आपली वही द्यावी किंवा उत्तरे सांगून लिहून घेऊ द्यावीत, अशी त्यांची याचना असे. जॉन देत असे. मनाचा मऊ आणि हात सढळ, त्यात त्याला काही वावगे वाटले नाही. आपल्यापैकी कितीजणांना वाटले असते? गरजवंताला मदत केली, एवढाच त्याचा हिशेब.

शिक्षकांच्या ते लक्षात आले. त्यांनी या मदतीला खोटी दया ठरविले, कारण तिच्यामुळे त्या मुलांचा आळस पोसला जात होता, आणि पुन्हा असे न करण्याची कडक ताकीद दिली. हे शिक्षक कोण, ते आठवणींत सांगितलेले नाही. आमच्या मते डॉन बॉस्को यांच्या घडणीत या निनावी शिक्षकाचा वाटा फार मोठा आहे.

मनाई झाल्यावर जॉनपुढे दोन सोपे मार्ग होते. चोरून वही देत राहावे, किंवा त्या मुलांना आपल्या नशिबावर सोडून आपला अभ्यास पाहावा. त्याने तिसरा मार्ग शोधला. वही देणे त्याने बंद केले आणि अडलेले समजावून सांगणे सुरू केले. ज्याला वाक्य जुळवता येत नव्हते त्याच्याशेजारी तो बसू लागला. ज्याला खरोखरीच जमत नव्हते त्याला हात देऊ लागला. वेळ अर्थातच अधिक लागू लागला. उतरवून घ्यावयाला दहा मिनिटे पुरत, समजावून घ्यावयाला संध्याकाळ जाई.

आणि येथे एक अनपेक्षित गोष्ट घडली. मुले पळाली नाहीत. उलट, अभ्यासासाठी आलेली मुले रेंगाळू लागली. प्रथम ती खेळावयाला थांबली, नंतर गोष्टी ऐकावयाला, नंतर पुन्हा गृहपाठाला, आणि शेवटी काहीच कारण नसताना येऊ लागली. या मंडळीला नाव असावे म्हणून १८३२ च्या सुमारास ते ठरले 'आनंद मंडळ'. मंडळाचे नियम थोडेच. ख्रिस्ती माणसाला न शोभणारे बोलू वा वागू नये, आणि शाळेची व धर्माची कर्तव्ये चोखपणे पार पाडावीत. त्याखेरीज प्रत्येकाने आनंदी राहावे. ज्या मंडळाच्या नावातच आनंद, त्याच्या नियमांत शाळेचा अभ्यास धर्मकर्तव्याच्या शेजारी बसविलेला आहे. सतरा वर्षांच्या मुलाने हे केले, हे विशेष.

जॉनची स्वतःची परिस्थिती तेव्हाही बेताचीच होती. पुढे तो पियांता नावाच्या गृहस्थांच्या कॉफीगृहात कामाला राहिला. जिन्याखालच्या अरुंद जागेत तो झोपे आणि रात्री उशिरापर्यंत दिव्याच्या उजेडात वाचीत असे. त्या काळात योना नावाच्या यहुदी तरुणाशीही त्याचा गाढ स्नेह जडला. १८३५ साली त्याने किएरीच्या सेमिनरीत प्रवेश घेतला. १८३६ च्या उन्हाळ्यात तुरीन शहराला पटकीची धास्ती होती म्हणून येशूसंघीयांनी आपल्या विद्यार्थ्यांना मोंताल्दो येथे हलविले. तेथे साडेतीन महिने जॉनने ग्रीक भाषेची उजळणी घेण्याचे आणि वसतिगृहावर देखरेख करण्याचे काम केले. ५ जून १८४१ रोजी तुरीन येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

तुरीनमध्ये मात्र चित्र पार निराळे होते. किएरीच्या मुलांना निदान शाळा तरी होती. राजधानीत गवंडीकाम, फरसबंदी, धुराडी साफ करणे अशा कामांसाठी डोंगराळ खेड्यांतून आलेल्या पोरांना ना घर होते, ना शाळा. ८ डिसेंबर १८४१ रोजी, निष्कलंक गर्भसंभवाच्या सणादिवशी, संत फ्रान्सिस असिसी चर्चच्या सॅक्रिस्टीत डॉन बॉस्को मिस्सासाठी तयार होत असताना सॅक्रिस्टनने एका मुलाला मारून पिटाळले. डॉन बॉस्को यांनी त्याला परत बोलाविले. तो बार्थोलोम्यू गारेल्ली, आस्तीचा, सोळा वर्षांचा, अनाथ. वाचता येते का, नाही. लिहिता येते का, नाही. गाता येते का, नाही. शीळ वाजविता येते का, असे विचारताच पोर हसले. मिस्सानंतर 'नमो मरिया' म्हणून धड्याला आरंभ झाला, आणि पहिला धडा होता क्रुसाची खूण. पुढच्या रविवारी तो आणखी काही मुलांना घेऊन आला. आपली संस्था त्या दिवशी जन्मली, असे सालेशियन मानतात.

मुले वाढत गेली, परंतु रविवारच्या शाळेत एक अडचण पुनःपुन्हा येऊ लागली. तिच्याविषयी चरित्रांत सहसा दोन ओळीही नसतात, म्हणून आम्ही तिच्यापाशी थोडे थांबतो. डॉन बॉस्को यांची पद्धत अशी होती : एक-दोन रविवार मुळाक्षरे आणि अक्षरजोडणी. मग हातात छोटे धर्मशिक्षणाचे पुस्तक. त्यातील पहिली एक-दोन प्रश्नोत्तरे वाचावयास शिकवावयाची, आणि तीच आठवडाभराचा गृहपाठ म्हणून द्यावयाची. पुढच्या रविवारी त्याची उजळणी आणि आणखी दोन-तीन प्रश्नोत्तरांची भर. या रीतीने आठ रविवारांत काही मुले पानेच्या पाने स्वतः वाचू लागली. ही झाली हुशार मुलांची गोष्ट. परंतु कित्येक मुले सोमवार ते शनिवार विटा आणि चुना वाहत, आणि रविवारी परत येत ती कोरी पाटी घेऊन. ज्यांना घरच नाही त्यांना गृहपाठ देऊन काय उपयोग?

यावर डॉन बॉस्को यांनी मुलांना आळशी ठरविले नाही. त्यांनी रात्रीची शाळा काढली. १८४५-४६ च्या हिवाळ्यात, मोरेत्ता यांच्या घरातील भाड्याच्या तीन खोल्यांत, फादर बोरेल आणि फादर कार्पानो यांच्या मदतीने. रविवारचा पाठ विसरण्याआधीच मुलाला दिव्याखाली आणून बसवावयाचे, हा त्यामागचा विचार. गृहपाठाला घर नव्हते, ते त्यांनी दिले. शेजारच्या भाडेकरूंनी गोंगाटाची तक्रार केली आणि मार्च महिन्यात ही जागाही सोडावी लागली. १२ एप्रिल १८४६ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, वाल्दोक्को भागातील पिनार्दी यांच्या शेडमध्ये सर्वजण एकदाचे स्थिरावले. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आई मार्गारिटा आपली वाडी सोडून मुलाच्या मदतीला पायी तुरीनला आली. १८५६ साली मृत्यू येईपर्यंत ती या परक्या पोरांचे कपडे शिवीत राहिली.

शिक्षक आणावयाचे कोठून, हा दुसरा प्रश्न. पैसे नव्हतेच. डॉन बॉस्को यांनी शहरातील काही चुणचुणीत मुले निवडली. त्यांना इटालियन, लॅटिन, फ्रेंच आणि अंकगणित विनामूल्य शिकवावयाचे आणि त्याबदली त्यांनी रविवारी व रात्री इतर मुलांना शिकवावयाचे, असा करार केला. हे 'छोटे गुरुजी' प्रथम आठ-दहा होते, मग वाढत गेले. किएरीत मनाई झाल्यावर जॉनला जे गवसले होते तेच येथे व्यवस्थेच्या रूपाने आले : एका मुलाने दुसऱ्या मुलाशेजारी बसावयाचे. त्यात समजावून घेणारा शिकतोच, आणि समजावून सांगणाराही शिकतो.

पुस्तकांचीही वानवा होती. तत्कालीन शालेय पुस्तके अशा मुलांच्या डोक्यावरून जात, म्हणून डॉन बॉस्को स्वतः लिहू लागले. १८४५ मध्ये ख्रिस्तसभेचा इतिहास, १८४७ मध्ये पवित्र इतिहास. पिएमोंतेच्या राज्यात १ जानेवारी १८५० पासून दशमान मापे सक्तीची होणार होती. जुनी वजने-मापे जाऊन मीटर, लिटर, ग्रॅम येणार आणि अडाणी मजूर बाजारात नागवला जाणार, हे त्यांनी वेळीच ओळखले. १८४९ मध्ये दशमान पद्धती सोपी करून सांगणारे त्यांचे पुस्तक उपलब्ध होते. एवढ्यावर न थांबता त्यांनी या विषयावर विनोदी संवाद रचले आणि मुलांकडून ते रंगमंचावर करवून घेतले. गणिताचा गृहपाठ नाटकातून करून घेणारा दुसरा संत आमच्या ऐकिवात नाही.

त्यांच्या लेखनाविषयी एक आठवण सांगतात. संत पेत्रावरील एक प्रवचन त्यांनी आईला वाचून दाखविले. त्यात पेत्राला चावीधारक या अर्थाचा एक भारदस्त लॅटिन वळणाचा शब्द योजलेला होता. हे गाव कोठे आले, असे आईने भाबडेपणाने विचारले. शब्द तत्काळ खोडला गेला. डॉन बॉस्को हे संपादक-प्रकाशकांचेही आश्रयदाते मानले जातात. ही आठवण आम्ही आमच्या टेबलावर लिहून ठेवावी, असे आमचे सहकारी सुचवितात. त्यांचा रोख कोणाकडे आहे, ते आम्हांस ठाऊक आहे.

१८४७ च्या मे महिन्यात पावसात भिजलेला एक अनाथ मुलगा दाराशी आला आणि निवासी मुलांचा प्रारंभ झाला. पुढील काही वर्षे कामकरी मुले शहरातील कारखानदारांकडे जात, तर शिकणारी मुले प्राध्यापक बोंझानिनो आणि फादर पिक्को यांच्या खाजगी वर्गांना जात. संध्याकाळी सारे वाल्दोक्कोच्या छपराखाली परतत. १८५३ पासून चर्मकाम आणि शिवणकामाचे वर्ग, नंतर पुस्तकबांधणी, सुतारकाम, छापखाना असे विभाग आत सुरू झाले.

शिकणाऱ्या मुलांसाठी सामाईक अभ्यासिका होती. तेथील शांतता पाहुण्यांना चकित करी. परंतु ती शांतता छडीची नव्हती. मुलांमध्ये वावरणारा साहाय्यक हा त्यांच्या पद्धतीचा प्राण होय. तो मुलाच्या चुकीची वाट पाहत बसत नाही, चूक होण्याआधी जवळ असतो. १८७७ साली त्यांनी आपली प्रतिबंधक शिक्षणपद्धती लिहून काढली, तेव्हा तिचा पाया विवेक, धर्म आणि वात्सल्य या तीन गोष्टींवर असल्याचे सांगितले. शिक्षणशास्त्राच्या पुस्तकांत त्यावर पुष्कळ चर्चा आहे. आम्हांला मात्र लुचिया मात्ताबाईंचा तो खोडकर मुलगा अधिक बोलका वाटतो. त्याच्यावर हे तिन्ही उपाय चाळीस वर्षांपूर्वीच होऊन गेले होते.

या पद्धतीला अपयश आलेच नाही, असे कोणी समजू नये. काही मुले पळून गेली, काही छोटे गुरुजी शिकून झाल्यावर फिरकलेही नाहीत. आणि अभ्यासाचा अतिरेक करणाऱ्या मुलांचीही त्यांना चिंता असे. १८६३ साली आल्प्सच्या डोंगरातून आलेला फ्रान्सिस बेझुक्को हा मेंढपाळ मुलगा चांगले होण्यासाठी काय करावे म्हणून विचारावयास आला. त्याला त्यांनी तीन गोष्टी सांगितल्या : आनंद, अभ्यास आणि भक्ती. क्रम लक्षात घ्यावा. अभ्यास मध्ये आहे, एका बाजूला खेळाचे अंगण आणि दुसऱ्या बाजूला देवाचे मंदिर. बेझुक्को पुढच्याच जानेवारीत आजारी पडून वारला. डॉन बॉस्को यांनी त्याचे छोटे चरित्र लिहून प्रसिद्ध केले.

आज आपल्या घरोघरी रात्री दहा वाजता आई मुलाचा प्रकल्प रंगवीत बसलेली दिसते. वडील उत्तरपत्रिका भरून देतात, आणि जेथे दोघांना वेळ नाही तेथे भ्रमणध्वनीवरील यंत्र क्षणात निबंध लिहून देते. सारे प्रेमापोटीच घडते, यात शंका नाही. किएरीचा जॉनही प्रेमापोटीच वही देत होता.

१८ डिसेंबर १८५९ रोजी वाल्दोक्को येथे सालेशियन संस्थेची स्थापना झाली. एकत्र आलेल्यांत बहुतेक जण याच अभ्यासिकेत वाढलेले तरुण होते. मायकल रुआ पुढे त्यांचे पहिले वारसदार झाले. काल्येरो १८७५ साली अर्जेंटिनाला जाणाऱ्या पहिल्या मिशनऱ्यांचे प्रमुख आणि पुढे कार्डिनल झाले. डॉन बॉस्को यांनी ३१ जानेवारी १८८८ रोजी तुरीन येथे देह ठेवला. त्यांचे पुत्र १९०६ साली तंजावरला आले आणि १९२८ साली मुंबईत. १ एप्रिल १९३४ रोजी, पुनरुत्थानाच्या रविवारी, पोप अकरावे पायस यांनी त्यांना संतपद बहाल केले.

एक नाव सांगावयाचे राहिले. १८५५ साली मुलांना बाहेरच्या वर्गांना पाठविणे थांबवून वाल्दोक्कोतच लॅटिनचा वर्ग सुरू करावयाचा ठरले, तेव्हा शिक्षक म्हणून डॉन बॉस्को यांनी जॉन बाप्टिस्ट फ्रांचेसिया याला उभे केले. त्याचे वय होते सतरा. समोर बसलेली मुले त्याच्याहून फारशी लहान नव्हती. हा फ्रांचेसिया पुढे धर्मगुरू आणि लॅटिनचा नामवंत पंडित झाला. जुन्या विद्यार्थ्यांपैकी बहुतेक जण एकेक करून देवाघरी गेले, तरी तो होता. २ जून १९२९ रोजी रोममध्ये त्याच्या गुरूला धन्य म्हणून घोषित करण्यात आले, तेव्हा त्याने नव्वदी ओलांडली होती. पुढच्या जानेवारीत त्याचेही निधन झाले.